ताठ पायांची करडं

लखनऊला जाऊन आले म्हटलं की आमच्या बार्शीत दोनच प्रश्न येतात. इमामबाडा पाहिला का, आणि चिकनचे कुर्ते आणले का. इमामबाडा पाहिला. कुर्ते तीन आणले, त्यातला एक मला होत नाही. पण मला जे सांगायचंय ते शेळ्यांबद्दल आहे, तेव्हा ज्यांना इमामबाड्यातल्या भूलभुलैयात रस असेल त्यांनी खुशाल दुसरीकडं चौकशी करावी.

मी एकतीस वर्षं शाळेत खेळाची बाई होते. पोरींना पळवणं हाच धंदा. मुरगळलेला पाय, आखडलेली पोटरी, परीक्षेचा ताप, सगळ्यांवर माझं औषध एकच: चल ऊठ, मैदानाला एक फेरी मार. बहुतेकदा ते लागूही पडायचं, म्हणून माझा त्यावर जरा जास्तच विश्वास. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते वाक्य जिभेवरून गेलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

महानगर

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी रेवती लखनऊला असते. जनावरांची डॉक्टर आहे, एका संशोधन संस्थेत काम करते, आणि महानगर नावाच्या जुन्या वसाहतीत राहते. गेली सहा वर्षं "मावशी, ये ना" चाललं होतं. यंदा जानेवारीत गेले.

थंडी म्हणजे काय हे मला पंचावन्न-साठ वर्षांत कळलेलं नव्हतं असं दिसतं. पहिले दोन दिवस सूर्य उगवलाच नाही. समोरच्या घराचं फाटक दिसेना इतकं धुकं. रेवतीची मुलगी अन्वी बारा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. मी विचारलं, "अगं, असं किती दिवस असतं?" ती म्हणाली, "नानी, कभी-कभी तो बीस दिन." आणि गोधडीत परत शिरली. मीही शिरले.

सकाळी रेवतीनं मला जवळच्या कपूरथला बाजारात मक्खन मलाई खायला नेलं. दूध घुसळून त्याचा फेस काढायचा, रात्रभर दवात ठेवायचा, वर केशर नि पिस्ते. मी मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि चावायला गेले तर तोंडात काहीच नाही, नुसता गोड गारवा. आमच्याकडं एवढी मेहनत घेतली तर पदार्थ निदान दाताला लागतो. तरी मी मातीचे तीन कुल्हड संपवले, खोटं कशाला बोलू.

बाजारातच मी पहिल्यांदा स्वेटर घातलेली शेळी पाहिली. चक्क स्वेटर. माणसाचा, लाल, बाह्यांतून पुढचे पाय काढलेले. तिच्या शेजारी दुसरी, ती गोणपाट पांघरून. मी उभीच राहिले. आमच्या उस्मानाबादी शेळ्या काळ्याभोर, उंच, थंडीत बोरी-बाभळीखाली हुंदडतात, त्यांना कोण स्वेटर घालतंय? इथल्या बरबरी बुटक्या, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, कान उभे. रेवती म्हणाली, "तुला एवढ्या आवडल्या तर उद्या माझ्याबरोबर चल. काकोरीकडच्या एका वस्तीवर जायचंय. तिथं एका बाईच्या घरी करडं मरतायत आणि कारण कळत नाहीये."

काकोरीच्या वाटेवरची वस्ती

गाडी धुक्यातून रांगत गेली. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा होत्या म्हणे. मला फक्त तारांची कुंपणं दिसली. रेवतीनं सांगितलं, पूर्वी वस्तीतल्या शेळ्या या बागांत चरायच्या, आता तारा लागल्या. मग थंडीत त्यांना घरातच बांधून कोरडा भुसा घालतात, तोही मागच्या वैशाखातल्या गव्हाचा.

ज्या बाईच्या घरी गेलो तिचं नाव फूलमती. पन्नाशीची, काटक, बोलायला थोडकी. तिच्याबद्दल रेवतीनं गाडीतच सांगून ठेवलं होतं. वस्तीतली कुठलीही शेळी व्यायला आली की फूलमतीला बोलावणं जायचं. अडलेलं करडू पोटात हात घालून वळवायचं, न रडणाऱ्याच्या नाकात फुंकायचं, हे सगळं तिचं काम. सासूकडून शिकलेली. त्याचे पैसे ती घेत नाही, पण वस्तीत तिचा शब्द चालायचा तो त्या हातांमुळं. आणि या थंडीत तिच्याच गोठ्यात दोन करडं पाठोपाठ मेली. पाय ताठ व्हायचे, उठता यायचं नाही, मग संपायची. लोक बोलायला लागले की हिचा हात आता अपशकुनी झालाय. पंधरा दिवसांत शेजारच्या दोन शेळ्या व्याल्या आणि तिला कुणी बोलावलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा आठवड्यापूर्वी झालेली जुळी करडं कोपऱ्यात गोणपाटावर होती. एक टुणटुणीत. दुसरं बसलेलं, डोळे तरतरीत, दूधही ओढत होतं, पण मागचे पाय काठीसारखे. उभं केलं की थरथरायचं. फूलमती म्हणाली, "जाड़ा लाग गवा है, गोड़ अकड़ि गए." थंडी बाधली, पाय आखडले.

रेवतीनं मांड्या चाचपल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग दोन्ही करडांना एकेक सुई टोचली. फूलमतीला तिनं सावकाश, दोनदा समजावलं. याला आईखाली उचलून लावायचं, पाजायचं, परत झोपवायचं. चालवायचं नाही, चोळायचं नाही, हलू द्यायचं नाही. मी तिथंच उभी होते. मला सगळं ऐकू आलं होतं.

रेवती पुढच्या घरांतल्या शेळ्यांचं रक्त घ्यायला गेली आणि मी चहाला मागं राहिले. आल्याचा चहा, पितळी पेल्यात. गव्हाणीत भुसा होता, त्याला कसलासा उग्र वास येत होता. मी नाक मुरडलं आणि विसरले. माझं लक्ष त्या करडावर. ते माझ्याकडं बघायचं आणि पुढचे पाय रोवून उठू बघायचं. एवढी उमेद असलेल्या जिवाला झोपवून ठेवायचं? मी उठले, त्याला पोटाखालून धरलं आणि उभं केलं.

फूलमती म्हणाली, "दीदी, डाक्टरनी मना किहिन हैं."

"अरे कुछ नहीं होता," मी म्हणाले. माझं हिंदी बार्शीचं, पण आवाज मैदानावरचा. "मैं टीचर हूँ. पाँव खुले होंगे."  डॉक्टरच्या मावशीला ती काय बोलणार?

ते चाललं. खरंच चाललं. पहिलं पाऊल, दुसरं. मी मोजत होते, जशी पोरींना मोजायची. अंगणाच्या टोकाला नेऊन मी त्याला वळवलं आणि परत आणलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मग त्याच्या मांड्या चोळल्या, चांगल्या जोरात, आणि म्हटलं, अजून एक फेरी.

दुसऱ्या फेरीत ते अर्ध्यावर बसलं. तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं. मान मागं टाकली. फूलमतीनं धावत येऊन त्याला मांडीवर घेतलं, नाकात फुंकर घातली, छाती दाबली, पुन्हा फुंकर. पाच मिनिटंही गेली नसतील. ते मेलं.

भिंतीपलीकडून शेजारीण बघत होती. शांती तिचं नाव, तिची शेळी येत्या आठवड्यात व्यायची होती. तिनं फूलमतीच्या मांडीवरचं करडू पाहिलं आणि म्हणाली, "एकरे हाथ मा अब कुछ नाहीं जियत." हिच्या हातात आता काही जगत नाही. एवढं बोलून ती आत गेली.

मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडायला काय हरकत होती? मी उघडलं नाही.

संस्थेत

रेवती मेलेलं करडू घेऊन संस्थेत गेली. "बघायचंय का? नाहीतर बाहेर बस," म्हणाली. मी बघितलं. मला बघावंसंच वाटलं, आणि बघितलंच पाहिजे असंही वाटलं.

मांडीचं मांस लालसर गुलाबी असायला हवं. त्यात पांढुरके पट्टे होते, शिजवलेल्या कोंबडीच्या रंगाचे. दुसऱ्या मांडीतही, त्याच जागी, अगदी जोडीनं. मग तिनं काळीज, म्हणजे हृदय, उघडलं. तिथंही पांढरे चट्टे.

"हेच," रेवती म्हणाली. "थंडी नाही, आणि हातबीत तर नाहीच. मावशी, खोबरं जुनं झालं की काय होतं?"

"खवट होतं."

"का होतं? तेलाला हवा खाते म्हणून. स्नायूच्या प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ अस्तर असतं. तेही तसंच खराब होऊ शकतं. ते राखायला दोन पहारेकरी असतात. एक ई जीवनसत्त्व, ते हिरव्या चाऱ्यातून येतं. दुसरं सेलेनियम, ते मातीतून चाऱ्यात येतं, अगदी चिमूटभर लागतं. गाभण शेळीला दोन्ही मिळाली नाहीत की पोटातल्या करडालाही मिळत नाहीत. मग त्याचे स्नायू आतून खराब होतात, आणि जे जास्त काम करतात ते आधी."

"पायांचे," मी म्हणाले.

"पायांचे, आणि काळजाचे. म्हणून हलवायचं नसतं. असं करडू धावलं तर उभ्या उभ्या जातं."

मग तिनं हात धुताधुता विचारलं, "तू होतीस ना तिथं? ते उठलं होतं का?"

मी म्हणाले, "थोडं चाललं, आपलं आपण."

साठीला टेकलेली बाई मी, शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना उन्हात उभं करणारी, आणि स्वतःच्या भाचीशी खोटं बोलले. रेवतीनं मान हलवली. ती पुढं बोलत राहिली ते मात्र माझ्या कानात गेलं. तिला कोडं पडलं होतं की भुसा तर सगळेच घालतात. माती सगळ्यांची एकच. मग फूलमतीच्याच घरी का? शेजारच्या करडांना काही झालं नव्हतं.

तेव्हा मला तो वास आठवला. "रेवती, तिच्या गव्हाणीतल्या भुशाला खवट वास येत होता. जुन्या तळणीचा."

ती वळून माझ्याकडं बघायला लागली.

पुन्हा वस्तीवर

मधले दोन दिवस रेवतीला रजा नव्हती. ते मी लखनऊ बघत काढले. इमामबाडा त्यातच झाला. आलमबागला उतरून एका दुकानात पुरी-भाजी खाल्ली, सोबत काळ्या गाजराचा हलवा. चव उत्तम होती. पण घास घेताना मला सारखी ती फुंकर घालणारी बाई दिसायची. रात्री अन्वी म्हणाली, "नानी, आप इतनी चुप क्यों हो?" मी म्हटलं, थंडी बाधली. म्हणजे पुन्हा खोटंच.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. गाडीत बसल्या बसल्या मी रेवतीला सगळं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काळजात एवढे चट्टे होते की ते कदाचित तसंही गेलं असतं." मी विचारलं, "कदाचित म्हणजे किती?" ती म्हणाली, "मावशी, ते मला माहीत नाही." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

वस्तीतल्या बायका हातपंपाजवळ उन्हाला बसल्या होत्या. कुणी मटार सोलत होतं, कुणी कुणाच्या डोक्यातल्या उवा बघत होतं. शांती होती. फूलमती मात्र आपल्या दारात एकटी.

रेवतीनं आधी गव्हाण हुंगली. मग विचारलं की भुशात काय घालता. फूलमतीचा चेहरा उजळला. आतून पत्र्याचा डबा आणून तिनं दाखवला. काळं, दाट तेल. तिचा नवरा आलमबागच्या एका पुरीच्या दुकानात कामाला आहे, रोज संध्याकाळी तळणीचं उरलेलं तेल तो घेऊन येतो. स्वतःच्या भाजीला ती ते वापरत नाही. फक्त गाभण शेळ्यांना, रोज एकेक पळी, ताकद यावी म्हणून. वस्तीत दुसरं कुणी शेळ्यांना एवढं खाऊ घालत नाही, हे तिनं अभिमानानं सांगितलं.

रेवतीनं तो अभिमान मोडला, पण हळू हातानं. म्हणाली, तेल वाईट नसतं, पण पुन्हा पुन्हा तापून ते खवट झालंय, आणि शेळीकडं थोडंफार जे ई जीवनसत्त्व असेल ते या तेलाशी झगडण्यातच संपतं. करडाला उरत नाही. एकट्या तेलाचाच दोष आहे असंही तिनं म्हटलं नाही. हिरवं नाही, भुसा जुना, आणि मातीचा अहवाल यायचाय. पण तेल आजपासून बंद, रोज मूठभर तरी हिरवं, बरसीम गवत किंवा पाला, आणि सुया ती देईल. सुईतलं सेलेनियम जास्त झालं तर तेच विष होतं, म्हणून बाजारातून आणून कुणी स्वतः टोचायचं नाही, हेही सांगितलं.

फूलमती डबा हातात धरून उभी राहिली. "हमहीं खवाए," ती म्हणाली. मीच खाऊ घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं ती त्या डब्याकडं बघत होती. मला ते बघवेना.

मी हातपंपाकडं गेले. बायका बघायला लागल्या. शाळेच्या प्रार्थनेत जेवढ्या आवाजात बोलायची तेवढ्याच आवाजात मी बोलले. हिंदी वाट्टेल तसं होतं. "उस दिन का बच्चा हमने मारा. डाक्टर मना करी थी. फूलमतीने भी मना करा. हमने जबरदस्ती चलाया, इसलिए मर गया. और पहले के दो, वो तेल से बीमार थे. उसका हाथ अच्छा है. गलती हमारी है." 

 शांती मटार सोलत राहिली. मागं वळले तर फूलमती जवळ आलेली होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या दीदी, झालं ते झालं. ती म्हणाली, "आज बोलीं आप. तीन दिन हम सुने हैं." आज बोललात, तीन दिवस लोकांचं मी ऐकून घेतलं.

मी हात जोडले. तिनं माझे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाली, चहा ठेवलाय. तो चहा मी प्यायले, पण तो गोड होता की अगोड, आता सांगता येणार नाही.

निघायच्या दिवशी

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी रेवतीला उरलेल्या गाभण शेळ्यांना सुया द्यायच्या होत्या. मी म्हटलं, मीही येते, फूलमतीला सांगून निघते. खरं तर ती बोलेल की नाही याची धास्ती होती.

दार उघडं होतं, घरात फूलमती नाही. गोठ्यात त्या जुळ्यातलं दुसरं करडू आईच्या पोटाखाली ढुशा देत होतं. रेवतीनं त्याचे चारी पाय वाकवून पाहिले, नळी लावून काळीज ऐकलं, आणि पहिल्यांदाच हसली. गव्हाणीत भुशाबरोबर ओला पाला होता. मी वाकून हुंगलं, कोरड्या भुशाचा वास होता नुसता. भिंतीपलीकडून शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि बायकांचे आवाज.

आम्ही शांतीच्या अंगणात गेलो. तिची शेळी आडवी पडली होती, पोट ताणलेलं, आणि मागं गुडघ्यांवर फूलमती. बाह्या कोपरावर, उजवा हात मनगटाच्या वर आत. करडू आडवं आलं होतं. शांती शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि फूलमती सांगेल तसं करत होती. अंगणात सात-आठ बायका, सगळ्यांचे डोळे त्या हाताकडं. रेवतीनंही पुढं व्हायचं टाळलं. माझ्या कानात म्हणाली, "ती वळवतेय. तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

मला थांबायला वेळ नव्हता. सामान बांधायचं राहिलं होतं. मी थोडं पुढं होऊन म्हणाले, "फूलमती, हम जा रहे हैं. आज हमारी गाड़ी है."

तिनं मान वळवली नाही. सगळं लक्ष बोटांच्या टोकाशी होतं.

"जाव दीदी," ती म्हणाली. "आज हमार हाथ खाली नाहीं है."